रजा कधी टाकावी? मिशिगनच्या पब्लिक लँडवर धनुष्याने हरणाची शिकार

मिशिगनचं धनुष्याचं वेळापत्रक कागदावर सोपं आहे. १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर धनुष्यवाल्यांचे, १५ ते ३० नोव्हेंबर बंदुकवाल्यांचे, मग १ डिसेंबर ते १ जानेवारी पुन्हा धनुष्य. नोकरदार माणसाला यातून पाच-सहा दिवसांची रजा आणि थोडे वीकएंड काढायचे असतात. ते कुठे खर्चायचे याबद्दल जो सल्ला ऐकायला मिळतो तो बहुतेक खासगी जमिनीवरच्या लोकांचा असतो. दोनशे एकर स्वतःचे असले की फक्त हरणाचा विचार करून भागतं. वॉटरलू किंवा पिंकनी रिक्रिएशन एरिया, अ‍ॅलेगन, बॅरी, लपीर स्टेट गेम एरिया अशा सर्वांना खुल्या सरकारी जमिनींवर (पब्लिक लँड), डेट्रॉइट, लॅन्सिंग किंवा ग्रँड रॅपिड्सहून तास-दीड तासात पोचता येणाऱ्या रानात, हा सल्ला अर्धाच लागू पडतो. इथे तारीख ठरवताना आधी माणसांचं कॅलेंडर उघडायचं आणि मग हरणाचं.

(हे सगळं अमेरिकेपुरतं, हे सांगायला नकोच. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय मिटलेला आहे. इथे मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लायसन्ससाठी हंटर सेफ्टीचं सर्टिफिकेट लागतं. ते नसेल तर उन्हाळ्यातच उरकून घ्या, सप्टेंबरात वर्ग भरलेले असतात.)

हरणाचं कॅलेंडर आधी थोडक्यात. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माजाचा काळ, म्हणजे रट, दिवसाच्या लांबीवर ठरतो. थंडी लवकर पडली म्हणून रट लवकर येत नाही आणि चंद्राच्या कलेने पुढेमागे होत नाही. चंद्राची अ‍ॅप्स घेऊन रजा ठरवणारे दरवर्षी भेटतात, त्यांचे पैसे वाया जातात एवढंच. दक्षिण मिशिगनमध्ये बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास फळतात. मादी माजावर असते ती जेमतेम २४ ते ३६ तास, आणि फळली नाही तर साधारण २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांपासून साधारण ८ नोव्हेंबरपर्यंत नर माद्या हुंगत दिवसाढवळ्या फिरतात, आणि वीस-पंचवीस यार्डांवरून बाण सोडायचा तर हाच पट्टा सोन्याचा. त्यानंतरच्या आठवड्यात नर एकेका मादीबरोबर एक-दोन दिवस झुडपात अडकून बसतात आणि रान अचानक रिकामं वाटायला लागतं. उबदार वर्षी रट तेव्हाच होतो, पण हिवाळी कोट चढलेली हरणं दिवसा कमी हलतात, त्यामुळे तो दिसत नाही.

हा सोन्याचा पट्टा सगळ्यांनाच ठाऊक आहे. खरी अडचण तिथून सुरू होते.

पब्लिक लँडवरचं हरीण माणसांचा आठवडा ओळखतं. शनिवारी पहाटे पार्किंगमध्ये आठ-दहा गाड्या, तेवढेच हेडलँप, तेवढेच घामाचे वास. रविवारी दुपारनंतर शांतता. सोमवारी माणसं नसतात, पण हरणं अजून दाट पाणथळीत दबून असतात. मंगळवार-बुधवारी ती हळूहळू जुन्या वाटा धरतात. म्हणून एकच दिवस रजा असेल तर बुधवार किंवा गुरुवार घ्यावा. शुक्रवार लोकांना लाडका असतो, कारण वीकएंड लांबतो. पण सगळेच तसा विचार करतात आणि शुक्रवारी दुपारी तीनलाच गाड्या लागायला सुरुवात होते. शुक्रवारची सकाळ मात्र चांगली जाते.

यात आणखी माणसं मिसळतात ती धनुष्याच्या जगाबाहेरची. १५ सप्टेंबरला ससे-खारींचा हंगाम उघडतो. लोअर पेनिन्सुलात, म्हणजे राज्याच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात, फेझंट या कोंबडीएवढ्या पक्ष्याचा हंगाम २० ऑक्टोबरला सुरू होऊन १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो. काही गेम एरियांत फेझंट मुद्दाम सोडले जातात, तिथे त्या दिवसापासून गवताळ पट्ट्यात कुत्री आणि शॉटगन असतात. त्या गवताच्या कडेला मचाण बांधून बसणं म्हणजे रजा फुकट घालवणं. पण त्याच गवतातून उठलेली हरणं जवळच्या दलदलीत किंवा ओकच्या टेकाडामागे जातात, त्या वाटेवर बसलेल्याला तोच गोंगाट हाक्यासारखा उपयोगी पडतो. रिक्रिएशन एरियांत शिकाऱ्यांशिवाय सायकलवाले आणि फिरायला येणारेही असतात. त्यांची हरणांना फारशी भीती नसते, कारण ते ठरलेल्या ट्रेलवरून बोलत जातात आणि निघून जातात. हरीण बिचकतं ते ट्रेल सोडून गुपचूप झुडपात शिरणाऱ्या माणसाला.

ऑक्टोबरच्या मध्याला हरणं गायब होतात असं जे म्हणतात, त्याचं कारणही मुख्यतः इथेच आहे. हालचाल कमी होत नाही, जागा बदलते. उन्हाळ्यात एकत्र चरणारे नरांचे कळप फुटलेले असतात, सोयाबीन पिवळं पडून कापलं जातं, व्हाइट ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, पडायला लागतात आणि हरणं शेताची कड सोडून रानाच्या आत येतात. त्यात पहिल्या दोन आठवड्यांत शंभर जणांनी शेताच्या कडेची झाडं चढून झालेली असतात. व्हाइट ओकचा एकॉर्न कमी तुरट असतो, हरणं तो आधी संपवतात. रेड ओकचा तुरट, तो उशिरापर्यंत जमिनीवर टिकतो. ऑक्टोबरच्या मध्यातल्या एखाद्या बुधवारी, ताज्या पडलेल्या व्हाइट ओकखाली, पार्किंगपासून मैलभर आत, ही संध्याकाळ फार कमी लेखली जाते. तेव्हा पार्किंगमध्ये बहुधा तुमची एकटीच गाडी असेल.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, घड्याळाची. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळी वेळ, संपतं आणि घड्याळ तासभर मागे जातं. वॉटरलूजवळच्या चेल्सी गावाच्या आसपास ३१ ऑक्टोबरला सूर्य साधारण आठ वाजून पाच-सात मिनिटांनी उगवतो आणि साडेसहाच्या सुमारास मावळतो. घड्याळ मागे गेलं की हेच सात वाजून आठ मिनिटं आणि साडेपाच. मिशिगनमध्ये हरणावर बाण सोडायची मुभा सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. म्हणजे ऑक्टोबरात साडेचारला ऑफिसातून निघालेला माणूस पावणेसहाला झाडावर असतो आणि त्याला सव्वा तास बसायला मिळतो. रविवारनंतर त्याच माणसाला गाडी लावून चालत आत पोचेपर्यंत उजेड संपत आलेला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या मधल्या वारच्या संध्याकाळी म्हणूनच पब्लिक लँडवरच्या रट काळातला सगळ्यात मोकळा वेळ आहेत. रजा टाकलेले असतात, पण कामावरून थेट येणारे जवळजवळ शून्य.

सकाळी उलटं होतं. सात वाजता उजाडत असल्यामुळे बरेच जण कामावर जाण्याआधी तासभर बसून जातात आणि आठ ते साडेआठला झाडावरून उतरून, वाऱ्याचा विचार न करता, सरळ वाटेने गाडीकडे चालू लागतात. रट असेल तर त्या वेळी तुम्ही झाडावरच राहा. नऊ ते दोन हा वेळ फार जण सोडून देतात. वीकएंडलाही साडेनऊ-दहाला थंडीने आणि भुकेने कंटाळलेली मंडळी न्याहारीला उठतात, आणि त्यांनी उठवलेली हरणं दाट झुडपाकडे सरकतात. दुपारी एकपर्यंत बसायचं तर दोन सँडविच, अर्धा लिटर गरम पाणी, हातमोज्यांत टाकायचे हँड वॉर्मर आणि लघवीसाठी बाटली, एवढं बरोबर लागतं. जे बसत नाहीत ते बहुधा पायाचे अंगठे गारठल्यामुळे बसत नाहीत, आणि अंगठे गारठतात कारण चालताना मोजे घामाने भिजलेले असतात. मैलभर चालत जायचं तर पातळ मोजे घालून चाला, कोरडे लोकरीचे मोजे झाडाखाली चढवा. जॅकेटही पाठीवर बांधून न्या, अंगात नको.

पहाटे किती वाजता निघायचं हा हिशेब उलट करावा. समजा बाण सोडायची मुभा ६.४० पासून आहे. त्याआधी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण स्तब्ध बसलेलं असायला हवं. सुटं मचाण किंवा सॅडल (झाडाला अडकवून बसायचा पट्टा) आणि चार स्टिक्स (चढायच्या सुट्या शिड्या) अंधारात आवाज न करता चढवायला सरावलेल्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. अंधारात, पानांवरून, मैलभर चालायला चाळीस मिनिटं. झालं सव्वापाच. शनिवारी त्यात आणखी अर्धा तास मिळवा, म्हणजे पार्किंगमध्ये तुम्ही पहिले असाल आणि मागून येणारा तुमची गाडी बघून दुसरीकडे जाईल. त्यानेही तेच करावं अशी अपेक्षा असेल तर आपणही तसंच वागावं. सरकारी जमिनीवर मचाण १ सप्टेंबर ते १ मार्च याच काळात ठेवता येतं, त्यावर नाव-पत्ता किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर लागतो, झाडात फिरवून बसवायच्या पायऱ्या चालत नाहीत. आणि तिथे मचाण बांधलं म्हणून ती जागा तुमची होत नाही. या कारणासाठी ठोकून ठेवलेल्या एका मचाणापेक्षा रोज पाठीवर नेता येणारा पंधरा-वीस पौंडांचा संच परवडतो.

जागेला पहिल्या बैठकीत जे यश मिळतं ते नंतर मिळत नाही. तुम्ही आलात, चढलात, घाम गाळलात, उतरलात. रात्री तिथून गेलेल्या मादीला हे सगळं जमिनीवरून वाचता येतं, आणि पुढचे काही दिवस ती वळसा घालते. म्हणून चांगल्या जागा राखून ठेवायच्या. सप्टेंबरात नको, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी नको. तीन-चार जागा वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी ठरवलेल्या असाव्यात, आणि ३० ऑक्टोबरनंतर ज्या दिवशी वारा जमेल त्या दिवशी त्यातली एक उघडायची. एका जागेवर एक-दोन बैठका, मग किमान आठवडाभर तिकडे फिरकायचं नाही. वारा जमत नसताना 'रजा टाकलीच आहे तर जाऊ' म्हणून चांगल्या जागेवर बसणं ही पब्लिक लँडवरची सगळ्यात महाग चूक. त्या दिवशी दुय्यम जागेवर बसा, किंवा नवं रान पायाखाली घाला.

ट्रेल कॅमेऱ्याचा, म्हणजे झाडाला बांधायच्या, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचा, एक उपयोग फार कमी जण करतात: हरणं मोजायला नव्हे, माणसं मोजायला. पार्किंगपासून आत जाणाऱ्या मुख्य वाटेवर, आठ-दहा फूट उंचीवर, खाली कलवलेला एक कॅमेरा तीन आठवडे ठेवला की कोण कुठल्या वारी, किती वाजता येतं आणि कधी परततं हे लख्ख कळतं. उंचीवर असल्याने चोरीलाही कमी जातो. त्याची रजा ठरवायला जेवढी मदत होते तेवढी स्क्रेपवरच्या (नराने खुराने उकरून वास सोडलेल्या जागेवरच्या) कॅमेऱ्याची होत नाही, कारण स्क्रेपवर नर बहुतेक रात्रीच येतात. फोटो बघून माणूस हुरळतो आणि दिवसा तिथे जाऊन बसतो.

हवामानाचं काय? थंडीची लाट आली, तापमान दहा-पंधरा अंश फॅरनहाइटने उतरलं, दाब वाढला की हरणं दिवसा जास्त दिसतात हा बहुतेकांचा अनुभव आहे आणि त्यात तथ्य आहे. पण हवामानाचं अ‍ॅप सगळ्यांच्याच खिशात असतं. थंड, निरभ्र, वाऱ्याची झुळूक असलेला पहिला शनिवार आला की रानात जत्रा भरते. याउलट भुरभुर पाऊस पडणारा बुधवार कोणालाच नको असतो. हलक्या पावसात हरणं बेफिकीर चरतात, पानं ओली असल्याने तुमच्या पावलांचा आवाज होत नाही, आणि पार्किंग रिकामं असतं. मुसळधार पाऊस मात्र टाळा, रक्ताचा माग धुऊन जातो. ताशी वीस-पंचवीस मैलांच्या वर वारा गेला की झाडावर बाण स्थिर धरणंच अवघड.

या माग काढण्याचा विचार रजा ठरवतानाच करायचा असतो, आणि तो जवळजवळ कोणी करत नाही. बाण दोन्ही फुफ्फुसांतून गेला तर अर्ध्या तासाने उतरून माग काढता येतो, हरीण बहुधा शंभर-दीडशे यार्डांत पडलेलं असतं. यकृतात लागला तर चार तास थांबावं लागतं. पोटात लागला, बाणावर हिरवट घाण आणि उग्र वास असला, तर आठ ते बारा तास. त्याआधी मागे गेलात तर हरीण उठतं, दुसऱ्या कोणाच्या जागेतून पळतं, आणि पब्लिक लँडवर ते पुन्हा हाती लागणं कठीण. रविवारी संध्याकाळी सहाला पोटात बाण लागला आणि सोमवारी आठ वाजता ऑफिस असेल तर तुम्ही चुकीचा निर्णय घेणार हे ठरलेलं आहे. त्यातून तापमान पन्नास फॅरनहाइटच्या वर असेल तर मांस सकाळपर्यंत टिकत नाही, आणि कोयोटी (कोल्ह्यासारखे रानकुत्रे) वाटच बघत असतात. म्हणून ज्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी नाही, त्या संध्याकाळी फक्त अगदी जवळच्या, अगदी आडव्या उभ्या असलेल्या हरणावरच बाण सोडावा, नाहीतर सोडूच नये. रजेचा एक दिवस याच कामासाठी राखून ठेवणं बरं.

२०२६ साल समोर ठेवून बघू. १ नोव्हेंबर रविवार, त्याच दिवशी घड्याळ मागे जातं. ३ नोव्हेंबर मंगळवार, निवडणूक. डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या कार कंपन्यांच्या युनियन कामगारांना सम वर्षांत निवडणुकीच्या दिवशी सुट्टी असते, शिवाय बऱ्याच शाळा बंद. म्हणजे तो मंगळवार रानात शनिवारसारखाच वागेल; टाळा. ४, ५ आणि ६ नोव्हेंबर, बुधवार ते शुक्रवार, हे तीन दिवस सरळ मागून घ्या. सातचा शनिवार गर्दीचा. ८ नोव्हेंबरला रविवारी लक्ष्मीपूजन आहे, आणि त्या दिवशी मचाणावर बसायची परवानगी कुठल्याही मराठी घरात मिळणार नाही, तेव्हा हरणांनाही सुट्टी द्या. उरलेल्या दोन दिवसांपैकी एक मोकळा ठेवा, मॅनेजरला आधीच सांगून, थंडीच्या लाटेसाठी. दुसरा माग काढायला. ११ नोव्हेंबर बुधवार, व्हेटरन्स डे. सरकारी कार्यालयं बंद, त्यामुळे मधला वार असूनही थोडी गर्दी.

मग १५ नोव्हेंबर. बंदुकीचा हंगाम ठरलेल्या तारखेला उघडतो, वार कुठलाही असो. २०२५ मध्ये तो शनिवार होता, २०२६ मध्ये रविवार, २०२७ मध्ये सोमवार. या वाराचा परिणाम आधीच्या दिवसांवर होतो. १५ रविवारी आला की १४चा शनिवार धनुष्यासाठी जवळजवळ मेलेला: बंदुकवाले जागा बघायला, लपण उभं करायला, बंदूक तपासायला दिवसभर रानात येतात. त्याच्या आदल्या शुक्रवारीही दुपारनंतर हीच गत. १५ तारीख आठवड्याच्या मधे आली तर ही वर्दळ आधीच्या वीकएंडला उरकते आणि १२-१३-१४ बऱ्यापैकी शांत मिळतात. पुढच्या वर्षाची रजा मागताना आधी हा वार बघा.

रटमध्येच एखादा दौरा राज्याबाहेर करायचा असेल तर शेजारचं ओहायो पहिलं आठवतं. तिथे मुख्य बंदूक हंगाम थँक्सगिव्हिंगनंतर (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतर) सुरू होतो, त्यामुळे जवळजवळ सगळा नोव्हेंबर धनुष्याचा. हेच इतर राज्यांतल्या लोकांनाही माहीत असल्यामुळे वेन नॅशनल फॉरेस्टच्या पार्किंगमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत सगळीकडच्या नंबर प्लेटी दिसतात. साधारण १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा धरा. बाहेरचे लोक रजा संपवून परतलेले असतात, मोठे नर शेवटच्या माजावरच्या मादीच्या शोधात पुन्हा पायी निघालेले असतात. मुलांचा बंदूक हंगाम तिथे नोव्हेंबरच्या मध्याच्या एका वीकएंडला असतो, तो त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघून टाळा. विस्कॉन्सिनमध्ये मात्र बंदुका थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतात आणि नऊ दिवस चालतात, तिकडे हा आठवडा उपयोगाचा नाही.

मिशिगनमध्ये १ डिसेंबरला धनुष्य पुन्हा उघडतं तेव्हा रान बदललेलं असतं. दोन आठवड्यांच्या गोळीबारानंतर वाचलेली हरणं दिवसा पाणकणसाच्या दलदलीतल्या उंचवट्यांवर बसतात, जिथे वेडर (छातीपर्यंतचे रबरी बूट) घातल्याशिवाय कोणी जात नाही. त्या वर्षीची काही मादी पाडसं याच महिन्यात पहिल्यांदा माजावर येतात, पण त्यावर रजा लावू नये. डिसेंबरातला मुद्दा खाण्याचा. बर्फ पडलं, तापमान वीस फॅरनहाइटच्या खाली गेलं की हरणांना संध्याकाळी उजेड असतानाच चरायला निघावं लागतं. सकाळी त्यांच्या बसण्याच्या जागेजवळ जाऊन ती उठवू नका. दुपारी दोनला आत शिरा, रेड ओकच्या उरलेल्या एकॉर्नजवळ किंवा दलदलीच्या वाऱ्याखालच्या कडेला बसा. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात ऑफिसं ओस असतात, तरी धनुष्यवाले फार कमी येतात. मझललोडरचे (नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीचे) दिवस आणि तेव्हाचे नारिंगी कपड्यांचे नियम त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघून घ्या. आणि हरीण पडलं तर ७२ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते. दलदलीत फोनला रेंज नसते, तेव्हा घरी पोचल्यावर आधी तेवढं करून टाका.